मुंबई प्रांताचे पंतप्रधान ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना मुख्यमंत्र्यांची यादी तोंडपाठ असते. कोण कधी आले हे झटकन सांगता येते, पण कोण का गेले हे विचारले की अडखळायला होते. आपल्या राज्याचा खरा राजकीय इतिहास त्या जाण्यातच आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे खालच्या उत्तरांत मी तिथेच जास्त रेंगाळलो आहे.

प्रश्न : पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. मग त्यांच्या आधीची नावे कुठून येतात?

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि यशवंतराव त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, हे बरोबरच आहे. पण विधिमंडळाला उत्तरदायी असलेले सरकार आपल्याकडे त्याआधी तेवीस वर्षे अवतरले होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली, १९३७ च्या सुरुवातीला निवडणुका झाल्या आणि १ एप्रिल १९३७ पासून मुंबई प्रांतात निवडून आलेल्या सभागृहासमोर जबाबदार असे मंत्रिमंडळ सुरू झाले. प्रांताच्या या सरकारप्रमुखाला तेव्हा पंतप्रधान म्हणत. खुद्द यशवंतरावसुद्धा १९६० मध्ये नव्याने मुख्यमंत्री झाले नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ पासून ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होतेच.

प्रश्न : १९३७ पूर्वी प्रांतात कुणी सरकारप्रमुख नव्हता का?

नव्हता. १९१९ च्या कायद्याने आलेल्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी काही खाती भारतीय मंत्र्यांकडे असत. पोलीस आणि तिजोरी गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाच्या हातात राही. मंत्र्यांना गव्हर्नर एकेकटे नेमी. त्यांचा म्होरक्या म्हणावा असा कुणी नसे. रँग्लर र. पु. परांजपे याच काळात मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री होते.

प्रश्न : मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान बाळासाहेब खेर की धनजीशा कूपर?

तारखेने कूपर. निवडणुकीत १७५ पैकी ८६ जागा जिंकून काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली होती. पण गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरून दैनंदिन कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत, अशी हमी मिळाल्याशिवाय मंत्रिपदे घ्यायची नाहीत, अशी पक्षाची भूमिका होती. गव्हर्नरने मग साताऱ्याचे पारशी उद्योजक सर धनजीशा कूपर यांना पाचारण केले. त्यांच्या मंत्रिमंडळात जमनादास मेहताही होते. पाठीशी बहुमत नव्हते. जुलैत काँग्रेसने सत्ता स्वीकारायचे ठरवले आणि सभागृहाला सामोरे न जाताच कूपर पायउतार झाले. १९ जुलै १९३७ रोजी बाळ गंगाधर खेर यांनी सूत्रे हाती घेतली. सभागृहाचा विश्वास असलेले पहिले पंतप्रधान म्हणायचे तर खेरच.

प्रश्न : खेर फारसे कुणाला ठाऊक नाहीत. ते नेते कसे झाले?

याची मला मनापासून खंत वाटते. वांद्र्याची खेरवाडी रोज हजारो लोकांच्या तोंडी असते, पण ती कुणाच्या नावाची हे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. खेर रत्नागिरीचे, पेशाने सॉलिसिटर, स्वभावाने मवाळ, खादीधारी. १९३७ मध्ये मुंबईत लोकांच्या डोळ्यांसमोर नाव होते ते वीर नरिमन यांचे. शहरातले काँग्रेसचे सर्वांत लोकप्रिय पुढारी तेच. पण आमदारांनी नेता निवडला खेरांना. सरदार पटेलांनी आपल्याविरुद्ध वजन वापरले, अशी तक्रार नरिमन यांनी केली. चौकशी गांधीजी आणि कायदेपंडित बहादुरजी यांच्याकडे गेली आणि निर्णय नरिमन यांच्या विरोधात लागला.

हा प्रसंग नीट ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पहिल्याच निवडीत एक प्रश्न उभा राहिला : नेता आमदार निवडतात की पक्षश्रेष्ठी? पुढे ‘नेता निवडीचा अधिकार पक्षाध्यक्षांना देण्यात येत आहे’ असा एका ओळीचा ठराव करून दिल्लीच्या निरोपाची वाट पाहत बसण्याची जी रीत पडली, तिची पहिली चुणूक इथेच दिसते.

प्रश्न : खेर मंत्रिमंडळाने केले काय? आणि समोर विरोधात कोण होते?

मंत्र्यांनी महिना ५०० रुपये पगार घ्यायचा, हा पक्षाचा दंडक पाळून सुरुवात झाली. गृहखाते कन्हैयालाल मुन्शी, महसूल मोरारजी देसाई, अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे, आरोग्य डॉ. गिल्डर. विधानसभेच्या अध्यक्षपदी गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने जप्त केलेल्या जमिनी शेतकऱ्यांना परत देण्याचा कायदा १९३८ मध्ये झाला. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली.

समोरच्या बाकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने पहिल्याच निवडणुकीत मुंबई प्रांतात लक्षणीय यश मिळवले होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसून वसुली करणारा मधला माणूस. औद्योगिक तंट्यांच्या विधेयकात कामगाराच्या संपाच्या हक्काला कात्री लागते आहे, असे दिसल्यावर ते सभागृहात तुटून पडले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारांचा मोठा संप झाला. विरोधकाने सरकारला कसे धारेवर धरावे, हे शिकायचे असेल तर त्या दोन वर्षांची कामकाजाची इतिवृत्ते वाचावीत.

हे सभागृह आज पाडलेले नाही. कुलाब्याला, रीगलच्या चौकात जी दगडी इमारत राज्य पोलिसांचे मुख्यालय म्हणून ओळखली जाते, तिथेच तेव्हाचे कौन्सिल हॉल होते. मूळ बांधकाम एकोणिसाव्या शतकातल्या खलाशांच्या विश्रामगृहाचे. नरिमन पॉइंटचे विधान भवन १९८१ मध्ये आले.

प्रश्न : १९३९ ते १९४६ या काळात यादीत कुणाचेच नाव का नसते?

व्हाइसरॉयनी भारतीयांना न विचारता देश महायुद्धात ओढला, म्हणून नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईत गव्हर्नरने कायद्याच्या कलम ९३ खाली कारभार स्वतःकडे घेतला. १९४६ च्या निवडणुकीनंतर खेर परत आले आणि १९५२ पर्यंत राहिले. कूळ कायदा (१९४८) आणि पुणे विद्यापीठाची स्थापना त्याच काळातली. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली आणि प्रांताच्या पंतप्रधानांचे मुख्यमंत्री झाले. माणूस तोच राहिला.

प्रश्न : विदर्भ आणि मराठवाड्याचे काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, खरे तर तो पहिला असायला हवा. महाराष्ट्राची वंशावळ एकट्या मुंबईची नाही. विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. तिथे १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळात मराठी आणि महाकोशलातील हिंदी भाषकांचे गट पडले होते. जुलै १९३८ मध्ये खरे यांनी राजीनामा देऊन महाकोशलच्या मंत्र्यांना वगळत नवे मंत्रिमंडळ बनवले. काँग्रेस श्रेष्ठींनी ही बेशिस्त ठरवली, खरे यांना जावे लागले आणि रविशंकर शुक्ल आले. १९४६ पासून १९५६ पर्यंत नागपुरातून कारभार पाहणारेही शुक्लच.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. १९५२ च्या निवडणुकीनंतर हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव होते. म्हणजे १९५५ साली औरंगाबाद, अमरावती आणि सातारा इथल्या तीन मराठी माणसांचे मुख्यमंत्री तीन वेगवेगळे होते. एकत्र मराठी राज्यासाठी निरनिराळ्या भागांतल्या नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारात नागपूरला दरवर्षी अधिवेशन घेण्याचे ठरले ते याच पार्श्वभूमीवर. हिवाळी अधिवेशनाला सहल म्हणून हिणवणाऱ्यांनी हे विसरू नये.

प्रश्न : मोरारजी देसाई निवडणूक हरूनही मुख्यमंत्री झाले, हे खरे का?

खरे आहे. १९५२ च्या निवडणुकीत ते अगदी थोडक्या मतांनी पडले, तरी पक्षाने नेतेपद त्यांनाच दिले आणि पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले. त्याच वर्षी मद्रासमध्ये राजगोपालाचारी विधान परिषदेवर नेमले जाऊन मुख्यमंत्री झाले. मोरारजींची कारकीर्द मराठी मनात राहिली ती मात्र वेगळ्या कारणाने. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला झालेला गोळीबार आणि त्यानंतरच्या महिन्यांत सांडलेले रक्त. हुतात्मा चौक त्याची साक्ष आहे.

प्रश्न : द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री होऊन यशवंतरावांनी काय साधले?

१९५६ मध्ये मराठी आणि गुजराती मुलूख, विदर्भ आणि मराठवाडा धरून एकच विशाल मुंबई राज्य करण्यात आले. नेतेपदासाठी भाऊसाहेब हिरे आणि यशवंतराव यांच्यात लढत झाली आणि गुजराती आमदारांच्या पाठिंब्यासह यशवंतराव जिंकले. त्रेचाळीस वर्षांचा हा माणूस संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन वणव्यात दिल्लीच्या बाजूने उभा होता आणि त्याबद्दल त्यांनी शिव्याशापही खाल्ले. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द कराडात यशवंतराव जेमतेम निवडून आले. द्वैभाषिक चालणार नाही हे पुढे त्यांनीच दिल्लीच्या गळी उतरवले. चळवळीने दिल्लीला हलवले आणि यशवंतरावांनी त्या हलण्याला घटनात्मक वाट करून दिली. श्रेय कुणा एकाच्या पदरात टाकण्याचा आग्रह मला पटत नाही.

गुजरातचे पहिले मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता यशवंतरावांच्याच मंत्रिमंडळातले होते. नव्या राज्यात यशवंतरावांच्या वाट्याला अडीचच वर्षे आली. तेवढ्यात १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला, औद्योगिक विकास महामंडळ उभे राहिले आणि साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीन युद्धाच्या धामधुमीत नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावून घेतले.

प्रश्न : १९६० पासूनची नावे क्रमाने सांगाल का?

यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, पी. के. सावंत (हंगामी), वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील, शरद पवार, बॅ. अ. र. अंतुले, बाबासाहेब भोसले, पुन्हा वसंतदादा, शिवाजीराव पाटील निलंगेकर, पुन्हा शंकरराव, पुन्हा पवार, सुधाकरराव नाईक, पुन्हा पवार, मनोहर जोशी, नारायण राणे, विलासराव देशमुख, सुशीलकुमार शिंदे, पुन्हा विलासराव, अशोक चव्हाण, पृथ्वीराज चव्हाण, देवेंद्र फडणवीस, उद्धव ठाकरे, एकनाथ शिंदे, आणि ५ डिसेंबर २०२४ पासून पुन्हा फडणवीस. माणसे वीस, शपथविधी त्याहून बरेच जास्त. शंकरराव आणि अशोक चव्हाण ही बाप-लेकाची एकमेव जोडी; वसंतराव आणि सुधाकरराव नाईक काका-पुतणे.

प्रश्न : सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी काळ कोण?

पुसदचे वसंतराव नाईक, ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५. सलग अकरा वर्षांहून अधिक. बंजारा समाजातून आलेल्या या शेतकरी वकिलाने राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठे उभी केली, संकरित ज्वारीचा ध्यास घेतला आणि १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे गावोगाव काढली. खडी फोडून हातात आलेल्या मजुरीवर लाखो घरांची चूल पेटली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली.

कमी काळ म्हणाल तर फडणवीसांची नोव्हेंबर २०१९ मधली काही दिवसांची कारकीर्द. कन्नमवारांच्या निधनानंतर आलेल्या सावंतांचे दहा दिवसही तसेच. विधानसभेची पूर्ण पाच वर्षे सलग मुख्यमंत्री राहण्याचे भाग्य दोघांनाच लाभले, नाईक आणि फडणवीस (२०१४-१९).

प्रश्न : इतके मुख्यमंत्री बदलले, म्हणजे विधानसभेने सरकारे पाडली का?

नाही. १९६० पासून एकही मुख्यमंत्री अविश्वास ठराव मंजूर होऊन गेलेला नाही. घटनेच्या कलम १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. पुस्तकात हे वाचताना वाटते की खुर्ची सभागृहात डळमळत असेल. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा बाहेरच काढून घेतली गेली.

कन्नमवार पदावर असतानाच वारले. वसंतराव नाईकांना पक्षश्रेष्ठींनी बदलले. १९७८ मध्ये दोन काँग्रेस पक्षांच्या आघाडीचे वसंतदादांचे सरकार अवघ्या चार-साडेचार महिन्यांत गडगडले. जुलैत अधिवेशन चालू असताना शरद पवार आपल्या गटासह बाहेर पडले आणि जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आदींना घेऊन पुरोगामी लोकशाही दलाचे म्हणजे ‘पुलोद’चे मुख्यमंत्री झाले, वयाच्या ३८ व्या वर्षी. पाठीत खंजीर खुपसल्याचा आरोप तेव्हापासून मराठी राजकारणात वस्तीला आला. अंतुले गेले ते मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी १९८२ मधल्या निकालानंतर. सिमेंटचे वाटप आणि त्यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध न्यायालयाने जोडला होता. निलंगेकरांचा राजीनामाही न्यायालयीन ताशेऱ्यांनंतरचा. वसंतदादा १९८५ मध्ये प्रदेशाध्यक्षपदाच्या नेमणुकीवरून बिनसल्याने गेले. मुंबईच्या दंगलींनंतर, १९९३ मध्ये सुधाकरराव नाईकांच्या जागी पवार परतले. मनोहर जोशींनी शिवसेनाप्रमुखांच्या आदेशावरून राजीनामा दिला. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर विलासराव, ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात अशोक चव्हाण, आणि राष्ट्रवादीने पाठिंबा काढल्यावर पृथ्वीराज चव्हाण.

सभागृहात कस लागल्याची उदाहरणे आहेत, पण तिथे सरकारे तरली. जून २००२ मध्ये विलासरावांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. नोव्हेंबर २०१४ मध्ये फडणवीसांचा ठराव आवाजी मतदानाने संमत झाला आणि त्यावर बरेच काहूर उठले. बहुमत हात वर करून किंवा उभे राहून मोजले जावे, आरडाओरड्यावर ठरू नये, असे मला आजही वाटते.

प्रश्न : २०१९ ची ती पहाट आणि २०२२ चे सत्तांतर, यांत कायद्याने काय ठरले?

२३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी राजभवनात फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २७ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत खुल्या मतदानाने बहुमत चाचणी घ्यायला सांगितले. चाचणीच्या आदल्या दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला.

२०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार एकनाथ शिंदे यांच्यासह आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले. राज्यपालांनी ३० जूनला बहुमत सिद्ध करायला सांगितले. न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर उद्धव ठाकरे यांनी २९ च्या रात्रीच राजीनामा दिला. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. राज्यपालांकडे बहुमत चाचणी बोलावण्याइतका वस्तुनिष्ठ आधार नव्हता, पक्षातला अंतर्गत वाद सोडवण्यासाठी हे हत्यार वापरता येत नाही. पण ठाकरे चाचणीला सामोरे गेलेच नाहीत, राजीनामा स्वतःहून दिला, त्यामुळे जुने सरकार परत आणता येत नाही. विधिमंडळातला गट आणि मूळ पक्ष वेगळे असून प्रतोद (आमदारांना मतदानाचा आदेश देणारा, व्हिप) नेमण्याचा अधिकार पक्षाचा आहे, हेही त्यात स्पष्ट झाले.

राजीनाम्याची एक सही किती निर्णायक असते, हे त्या निकालातून कळते. ठाकरे सभागृहात उभे राहून हरले असते, तर न्यायालयापुढचा प्रश्नच निराळा असता.

प्रश्न : आमदार नसलेली व्यक्ती मुख्यमंत्री होऊ शकते का?

होऊ शकते, पण सहा महिन्यांत विधानसभा किंवा विधान परिषदेचे सदस्यत्व मिळवावे लागते. निवडून न येता पुन्हा शपथ घेऊन मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात सांगितले. पृथ्वीराज चव्हाण दिल्लीहून आले आणि परिषदेवर गेले. उद्धव ठाकरेंची मुदत मे २०२० अखेर संपत होती आणि करोनामुळे निवडणुका थांबलेल्या. मंत्रिमंडळाने राज्यपालनियुक्त जागेसाठी शिफारस केली, ती मान्य होईना. अखेर निवडणूक आयोगाने परिषदेच्या नऊ जागांची निवडणूक लावली आणि ते बिनविरोध आले.

प्रश्न : राष्ट्रपती राजवट किती वेळा लागली?

तीनदा. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्यावर नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त झाल्या, त्यात पवारांचे सरकार गेले. नंतर २०१४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर महिनाभर आणि २०१९ मध्ये अकरा दिवस.

प्रश्न : उपमुख्यमंत्र्याला वेगळे अधिकार असतात का?

घटनेत हे पदच नाही. कायद्याच्या दृष्टीने तो कॅबिनेट मंत्री, आणि अशी नेमणूक घटनाबाह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटले. महाराष्ट्रात पहिले उपमुख्यमंत्री १९७८ मध्ये नासिकराव तिरपुडे. आघाडीतला दुसरा पक्ष सांभाळण्यासाठी पद निघाले आणि आजही त्याचा उपयोग तोच आहे.

प्रश्न : मंत्री किती नेमता येतात?

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार सभागृहाच्या १५ टक्के. २८८ सदस्यांच्या विधानसभेत मुख्यमंत्री धरून ४३.

प्रश्न : महाराष्ट्राला महिला मुख्यमंत्री का मिळाली नाही?

यादीत एकही बाई नाही आणि हे आपल्या पुरोगामीपणाच्या बढाईला शोभणारे नाही. शेजारी गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ मध्ये, वडील दयानंद बांदोडकर यांच्या निधनानंतर मुख्यमंत्री झाल्या आणि पक्षातले आमदार फुटेपर्यंत, १९७९ पर्यंत राहिल्या. उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी १९६३ मध्येच झाल्या होत्या. आपल्याकडे पात्र बायका नव्हत्या असे म्हणवत नाही. प्रतिभाताई पाटील यांनी अनेक खाती सांभाळली, १९७९ मध्ये पुलोद सरकारच्या काळात त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांचा पक्ष बहुमताने सत्तेवर आला. नेतेपद अंतुल्यांना मिळाले. प्रतिभाताई २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या.